जीपचे नाक



गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस एका सायंकाळी माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. शाळेत असताना हा मुलगा शेवटच्या बाकावर बसे आणि वहीच्या मागच्या पानांवर मोटारींची चित्रे काढी. त्याबद्दल मी त्याला एकदोनदा उभेही केले होते. आता तो तिशीतला गृहस्थ झाला आहे. कर्ज काढून त्याने एक जुनी डिझेल जीप घेतली होती आणि ऑक्टोबरपासून कुळे ते दूधसागर या वाटेवर ती प्रवाशांसाठी चालवावी असा त्याचा बेत होता. जीप अंगणात उभी करून तो ओसरीवर टेकला आणि म्हणाला, "सर, तुमचा एकदा हात पोळलेला आहे, म्हणून विचारायला आलो. कंपनीचा एअर क्लीनर तसाच ठेवू, की बाहेरचा बसवू? आणि स्नॉर्कल लावू की नको?"

मी भाषेचा शिक्षक. यंत्रशास्त्राची पदवी माझ्यापाशी नाही. परंतु या एका प्रश्नाची फी मी पूर्वी पुरती भरलेली असल्यामुळे त्याला उत्तर देणे मला टाळता येईना. त्या सायंकाळी जे बोलणे झाले तेच आज थोडे सावरून आपणांपुढे ठेवीत आहे. ज्यांच्या घरी जीप नाही त्यांनीही ऐकावयास हरकत नाही. मोटारसायकलीपासून ट्रॅक्टरपर्यंत हवा सर्वांनाच लागते.

इंजिन डिझेलवर किंवा पेट्रोलवर चालते असे आपण म्हणतो, ते अर्धेच खरे आहे. एक लीटर पेट्रोल पुरते जाळावयास सुमारे नऊ हजार लीटर हवा लागते. इंधनाचे पैसे पडतात म्हणून ते आपल्या लक्षात राहते, आणि हवा फुकट मिळते म्हणून तिचा विसर पडतो, एवढेच. त्या मुलाच्या जीपचे इंजिन अडीच लीटरचे, चार सिलिंडरांचे, टर्बो नसलेले. असे इंजिन दोन फेऱ्यांत एकदा आपले सगळे सिलिंडर हवेने भरून घेते. मिनिटाला दोन हजार फेरे धरले तर मिनिटास अडीच हजार लीटर हवा झाली, आणि तासास दीड लाख. सिलिंडर प्रत्यक्षात काठोकाठ भरत नाहीत; म्हणून सव्वा लाख लीटर म्हणू. माझ्या शाळेतील वर्ग सात मीटर लांब, सहा मीटर रुंद आणि तीन मीटर उंच आहे. त्या वर्गात मावणारी सारी हवा ती लहानशी जीप तासाभरात नाकाने ओढून घेते. वर्गातील खडूची धूळ पाहिली म्हणजे हा विचार अनेकदा मनात येतो.

आता आपल्याकडील हवा कशी असते? डांबरी रस्त्यावर ठीक. परंतु सत्तरीत, सांग्याकडे, खानापूरच्या जंगलात आत शिरले की जांभ्याची तांबडी धूळ सुरू होते. पुढे एखादी गाडी असली तर तिच्या मागचा माणूस क्षणभर काहीच पाहू शकत नाही. या धुळीत क्वार्ट्झचे, म्हणजे गारेचे, कण असतात. खनिजांचा कठीणपणा मोजण्याच्या मोस यांच्या मापात क्वार्ट्झचा अंक सात आहे, आणि साध्या चाकूच्या पोलादाचा साडेपाचच्या आसपास. म्हणजे हे कण पोलादावर ओरखडा काढू शकतात. इंजिनात पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत यांच्यामध्ये तेलाचा एक अत्यंत पातळ पापुद्रा असतो. त्याच्या आधाराने रिंग सरकते. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. पाच ते वीस मायक्रॉनांचे कण सर्वांत घातक, कारण ते या पापुद्र्यात शिरतात आणि पॉलिश कागदाप्रमाणे दोन्ही बाजू घासत राहतात. दुर्दैव असे की एवढे बारीक कण डोळ्यांना दिसत नाहीत. दिसतो तो धुळीचा लोट. घात करतो तो त्यातील न दिसणारा भाग.

माझी स्वतःची हकीगत येथे सांगावयास हवी. माझ्या धाकट्या भावाने आणि मी मिळून काही वर्षांपूर्वी एक जुनी जीप घेतली होती. सत्तरीत आमची थोडी काजूची बागायत आहे. मार्च ते मे हे काजूचे दिवस, आणि नेमके तेच धुळीचे. जीप आली तेव्हा तिच्यात कंपनीचा गोल डबा आणि त्यात कागदाचा फिल्टर होता. भाऊ हौशी. तो एका दुकानात गेला आणि चकचकीत पाइप व त्याच्या टोकाला शंकूच्या आकाराचा उघडा लाल फिल्टर घेऊन आला. दुकानदाराने त्याला सांगितले की कंपनीचा डबा म्हणजे इंजिनाच्या तोंडावर दाबून धरलेला हात आहे. तो काढला की गाडी मोकळी होईल. जुना डबा भंगारात गेला. गाडीचा आवाज मात्र खरोखरच बदलला. चढणीला घोगरी गर्जना ऐकू येऊ लागली आणि आम्ही दोघेही खूष झालो. मीसुद्धा, हे कबूल करतो.

दोन उन्हाळे गेले. तिसऱ्या वर्षी जीप सकाळी सुरू होण्यास कुरकुर करू लागली; निळसर धूर टाकू लागली; ऑइल खाऊ लागली. चढणीवर पूर्वीचा दम राहिला नाही. आम्ही नोझल बदलले, पंप तपासला. शेवटी एका वृद्ध मेकॅनिककडे गाडी नेली. त्याने बॉनेट उघडले, त्या चकचकीत पाइपाची क्लिप सैल केली, फिल्टरच्या पलीकडील बाजूस, म्हणजे जेथे केवळ स्वच्छ हवा असावयास हवी तेथे, बोट घालून फिरवले आणि ते माझ्यापुढे धरले. बोट तांबडे झाले होते. त्याने पुढे काही सांगितलेच नाही. इंजिन उतरवून बांधून घ्यावे लागले. लायनर, पिस्टन, रिंगा, बेअरिंग आणि मजुरी मिळून ४५,००० रुपयांना ती गर्जना आम्हांस पडली.

त्यानंतर मी त्या भंगारात गेलेल्या डब्याविषयी वाचू लागलो. कंपनीचा डबा दिसावयास गबाळा असतो, पण त्याच्यात बराच विचार असतो. त्यातील कागद घड्या घालून बसवलेला असतो, म्हणून लहान जागेत मोठे क्षेत्रफळ मिळते. कागदाची मौज अशी की तो थोडा मळला म्हणजे अधिक चांगले गाळतो, कारण अडकलेली धूळ स्वतःच गाळणीचे काम करू लागते. म्हणून दर आठवड्यास फिल्टर काढून त्यावर कंप्रेसरची हवा मारणारे लोक त्याचे भले करीत नाहीत. जोराच्या हवेने कागदाला सूक्ष्म छिद्रे पडतात, आणि दर खेपेस डबा उघडताना थोडी धूळ पलीकडे सांडते ती वेगळीच. डब्याचे झाकण आणि रबरी कड घट्ट बसलेली असते. शिवाय डब्याची पोकळी आवाज गिळते. तो डबा काढल्यावर जी गर्जना ऐकू येते ती इंजिनात नव्याने आलेली नसते. पूर्वी डबा ती आत ठेवून घेत होता. डिझेल इंजिनात तर नुसती हवा जास्त देऊन जोर वाढत नाही; जोर इंधनाबरोबर येतो, आणि इंधनाचा पंप आमच्या जीपवर तोच होता.

दुसरी गोष्ट उष्णतेची. कंपनीच्या डब्याचे तोंड बहुधा दिव्याच्या मागे किंवा मडगार्डच्या आत, बाहेरच्या गार हवेकडे काढलेले असते. उघडा शंकू बॉनेटखाली बसला की तो इंजिनाचीच तापलेली हवा ओढतो. बाहेर तीस अंश आणि बॉनेटखाली साठ अंश असले तर ती हवा सुमारे नऊ टक्के विरळ असते. म्हणजे मोकळा श्वास मिळावा म्हणून जो खर्च केला त्याने श्वासच हलका झाला.

परंतु खरा हिशेब टक्क्यांचा आहे, आणि तेथेच बहुतेकांची फसगत होते. फिल्टरची परीक्षा घेण्यासाठी आयएसओ ५०११ नावाची आंतरराष्ट्रीय पद्धत आहे. ठरावीक जातीची धूळ ठरावीक वेगाने फिल्टरवर सोडतात आणि पलीकडे किती गेली ते तोलतात. मोटार कंपन्यांचे चांगले कागदी फिल्टर अशा परीक्षेत नव्व्याण्णव टक्क्यांच्या वर धूळ अडवतात. आता समजा, एक फिल्टर साडेनव्व्याण्णव टक्के अडवतो आणि दुसरा सत्त्याण्णव. कोणीही म्हणेल, अडीच टक्क्यांचाच फरक! मी परीक्षेचे गुण देणारा मनुष्य. माझ्या दृष्टीने दोघेही पहिल्या वर्गात. पण इंजिनाला अडवलेली धूळ बाधत नाही, आत गेलेली बाधते. पहिला शंभरातील अर्धा भाग आत सोडतो, दुसरा तीन भाग. म्हणजे सहापट. पुढील गाडीच्या लोटात, समजा, दर घनमीटर हवेत एक ग्रॅम धूळ आहे. तासाला सव्वाशे ग्रॅम धूळ फिल्टरवर येईल. पहिल्यातून सहा दशांश ग्रॅम जाईल, दुसऱ्यातून पावणेचार ग्रॅम. सुमारे अर्धा चमचा गारेची पूड दर तासाला इंजिनास चारली तर किती उन्हाळे निघतील, याचे उत्तर आमच्याकडे आहे: दोन.

बाहेरचे सगळेच फिल्टर वाईट, असे मात्र मी म्हणणार नाही. तेल लावलेल्या सुती जाळीचे फिल्टर धुऊन पुन्हा वापरता येतात आणि हवा सहज जाऊ देतात. शर्यतीच्या गाडीला, जिचे इंजिन तसेही वारंवार उघडले जाते, ते शोभतात. त्यांनाही नेमके तेल लागते. कमी पडले तर धूळ आत, जास्त झाले तर नव्या गाड्यांत हवेचे माप घेणाऱ्या तापलेल्या तारेवर ते जाऊन बसते आणि गाडी भलतेच वागू लागते. किती तेल लावावे हे डब्यावर लिहिलेले असते, आणि ते कोणी वाचत नाही.

जुन्या माणसांना येथे ऑइल बाथची आठवण होईल. दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीपवर हाच प्रकार होता, आणि पुढे भारतात महिंद्रांनी बांधलेल्या जीपांवरही अनेक वर्षे तो राहिला. हवा आत येताना तेलाच्या पृष्ठभागावरून एकदम वळते. जड कण ते वळण घेऊ शकत नाहीत, तेलात पडतात. उरलेले वरच्या तेलकट जाळीत अडकतात. बदलावयाचे काही नाही. डिझेलने भांडे धुवावे आणि नवे तेल ओतावे. यंत्र सुंदर, परंतु अगदी बारीक धूळ अडवण्यात कागदाच्या मागे. इंजिन हळू चालत असेल तर हवेला वेग नसतो, मग कण वळणावर सुटतात. आणि जीप फार कलली की तेलही आपली पातळी सोडते. म्हणून "जुने ते सोने" असे याही बाबतीत म्हणण्याचा मोह मी आवरतो.

एथपर्यंत ऐकून माझा विद्यार्थी म्हणाला, "म्हणजे कंपनीचाच ठेवायचा. ठीक. पण सर, मला धुळीपेक्षा पाण्याची भीती आहे."

त्याचे म्हणणे खरे होते. कुळ्याहून दूधसागराकडे जाणारी वाट भगवान महावीर अभयारण्यातून जाते आणि वाटेत नदीचे पात्र ओलांडावे लागते. पावसाळ्यात ही वाट बंद असते. पावसाळा सरल्यावर ती सुरू होते तेव्हा पाणी ओसरलेले नसते, आणि प्रवाशांची गर्दी तर तेव्हाच. मार्चमध्ये त्याच पात्रात खडक उघडे पडतात. म्हणजे एकाच जीपला एकाच मोसमात प्रथम पाणी आणि मागून धूळ. मी त्याला म्हटले, हे दोन वेगळे शत्रू आहेत. त्यांना एकच औषध देऊ नकोस.

पाण्याचा घात कसा होतो ते सांगतो. सिलिंडरमध्ये पिस्टन वर येतो तेव्हा हवा दाबली जाते. डिझेल इंजिनात ती अठराव्या हिश्श्याएवढी होते असे धरू. अडीच लीटरच्या इंजिनात एका सिलिंडरच्या वाट्यास ६२५ घनसेंटिमीटर येतात. पिस्टन अगदी वर पोचला म्हणजे शिल्लक राहणारी जागा सुमारे ३७ घनसेंटिमीटर, म्हणजे अडीच मोठे चमचे. हवा दाबता येते, पाणी येत नाही. अडीच चमच्यांहून जास्त पाणी एका सिलिंडरात शिरले की पिस्टन अडतो, पण जड फ्लायव्हील त्याला ढकलीतच राहते. मग कनेक्टिंग रॉड वाकतो. कधी ब्लॉक फोडून बाहेर येतो. येथे दोन उन्हाळे लागत नाहीत. एक क्षण पुरतो. आणि नदीच्या मध्यावर, मागे चार-सहा परकी माणसे बसलेली असताना, तो क्षण यावा, ही गोष्ट त्या मुलाला रात्री झोपू देत नव्हती.

म्हणून स्नॉर्कल. हा शब्द पाणबुडीवरून आला. पाण्याखाली राहून हवा घेण्यासाठी वर काढलेली नळी. महायुद्धात समुद्रकिनाऱ्यावर जीपा उतरवतानाही त्यांची हवेची वाट उंच काढीत. हल्लीच्या गाड्यांत काचेच्या कडेने छपरापर्यंत गेलेले काळे धुराडे दिसते ते हेच, मात्र त्यातून धूर बाहेर पडत नाही, हवा आत जाते. माझा एक शेजारी कित्येक महिने त्याला सायलेन्सर समजत होता.

येथे मात्र कंपनी आणि बाजार यांतील भेद थोडा निराळा होतो. पुण्याच्या फोर्स मोटर्सची गुरखा गाडी कारखान्यातूनच स्नॉर्कल घेऊन येते आणि ७०० मिलिमीटर पाण्यातून जाईल असे कंपनी सांगते. २०२० साली आलेल्या महिंद्रा थारला स्नॉर्कल नाही. तिच्यासाठी कंपनीचा आकडा ६५० मिलिमीटर. पहा, धुराडे असलेली आणि नसलेली यांच्यात अंतर अवघे पाच सेंटिमीटरचे! याचा अर्थ उघड आहे. गाडी किती पाण्यातून जाईल हे नाकाच्या उंचीवरच ठरत नाही. अल्टरनेटर, तारांचे जोड, नव्या गाड्यांतील संगणकी पेटी, अ‍ॅक्सल आणि गिअरबॉक्स यांची श्वासाची छिद्रे, ही सर्व खालीच राहतात. तापलेला अ‍ॅक्सल गार पाण्यात शिरला की आतील हवा आकसते आणि त्या छिद्रातून पाणी ओढले जाते. तेलाचे ताक होते. छपरापर्यंत नाक नेले म्हणून छपरापर्यंत पाण्यात शिरता येते, असे समजणारा मनुष्य स्नॉर्कल नसलेल्याहून अधिक धोक्यात असतो. शिवाय कंपनीचा आकडा संथ पाण्याचा आणि माणसाच्या चालीच्या वेगाचा असतो. जोराने शिरले की गाडीच्या पुढे लाट उठते आणि ती बॉनेटवर चढते.

मी त्याला सांगितले, नाक उंच कर, पण नाकातील गाळणीला हात लावू नकोस. कंपनीचा डबा, कंपनीचा कागद, दोन्ही जागच्या जागी. केवळ डब्याच्या तोंडाला जी हवा मडगार्डमधून मिळते ती छपरापाशी मिळू दे. यात धुळीचाही फायदा आहे, कारण छपराच्या उंचीला हवा चाकांच्या उंचीपेक्षा पुष्कळ स्वच्छ असते. गोव्यात २०१४ पासून पावसाळ्यात रेन फॉरेस्ट चॅलेंज नावाची चिखलातली शर्यत होत आली आहे. त्या गाड्यांची छायाचित्रे त्याने मोबाइलवर दाखवली. कोणाचा डबाच नाही, कोणाचे पाइप स्वतः वाकवलेले. मी म्हटले, त्यांना काही दिवस काढावयाचे असतात आणि बरोबर मेकॅनिक असतो. तुला मोसम काढावयाचा आहे, आणि बरोबर हप्ता आहे.

बाजारातील स्नॉर्कलांत फरक फार. बरेचसे नुसते शोभेचे. मडगार्डला छिद्र पाडून धुराडे स्क्रूने बसवतात, आतील नळी डब्याच्या तोंडापाशी सैल सोडतात आणि जोडावर चिकटपट्टी गुंडाळतात. वरून हवा, खालून पाणी. जोड रबरी होजने आणि दोन्ही बाजूंच्या क्लिपांनी बांधलेला हवा. तोंड पुढे केलेले असेल तर पावसात धाव घेताना पाणी आत येते. म्हणून डोक्यात ते बाहेर टाकणाऱ्या फटी आहेत की नाहीत हे पाहून घ्यावे.

कायद्याचाही विचार करावा लागतो. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपत्रातील तपशील कारखान्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकास करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळातील एका प्रकरणी हेच ठामपणे सांगितले, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अनधिकृत बदलास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद झाली. प्रवासी नेणाऱ्या गाडीला तर योग्यतेचा दाखलाही घ्यावा लागतो. म्हणून मडगार्डला भोक पाडण्याच्या आधी परिवहन कार्यालयात लेखी विचारावे. भोक पाडल्यानंतर विचारण्यात अर्थ नाही. विम्याचेही तसेच. पाण्यात बंद पडलेले इंजिन पुन्हा सुरू करू जाता ते फुटले तर साध्या पॉलिसीत ती हानी बहुधा धरत नाहीत. इंजिनासाठी वेगळा जोडविमा घ्यावा लागतो. आणि विमा असो वा नसो, पाण्यात जीप बंद पडली तर चावीला हात लावू नये. ओढून बाहेर काढावी, नोझल काढून इंजिन हाताने फिरवावे, पाणी निघून जाऊ द्यावे.

तो निघून गेला. परिवहन कार्यालयात त्याने दोन खेपा घातल्या, हे मला नंतर कळले. सप्टेंबरच्या शेवटी एका रविवारी जीप पुन्हा अंगणात आली. उजव्या बाजूस काळे धुराडे, बॉनेटखाली तोच गबाळा गोल डबा. चेहऱ्यावर मात्र वहीच्या मागच्या पानाचे हसू. म्हणाला, "सर, पास करा."

परीक्षा सोपी आहे. इंजिन सुरू ठेवून स्नॉर्कलचे तोंड बंद करावे. वाट कोठेही फुटलेली नसेल तर इंजिनाला हवा मिळणार नाही आणि ते काही क्षणांत बंद पडेल. तळहात वापरू नये, ओढ जबर असते. जाड रबराचा तुकडा घ्यावा. मी ट्यूबचा एक तुकडा आणून दिला. तो चाकावर चढला आणि त्याने तो तोंडावर दाबला. इंजिन किंचित घुसमटले, पण बंद पडेना. त्याचे हसू मावळले. म्हणजे हवा दुसरीकडून कोठून तरी शिरत होती, आणि जेथून हवा शिरते तेथून पाणीही शिरते.

होज पाहिले, क्लिपा पाहिल्या. सर्व ठीक. अर्ध्या तासाने सापडले ते डब्याच्या तळाशी. तेथे बदकाच्या चोचीसारखी एक रबरी चोच असते. साठलेली धूळ व थेंब तिच्यातून खाली पडावेत म्हणून कंपनीनेच ठेवलेली. उन्हाने ती ताठ होऊन उघडी राहिली होती. तीस-चाळीस रुपयांची वस्तू. डबा पाण्याखाली गेला असता तर छपरावरचे नाक कोरडे राहून पाणी पोटातून आत आले असते. त्या दिवशी दुकाने बंद. सोमवारी तो नवी चोच आणि पाण्यात शिरताना तिच्यावर घट्ट बसवावयाचे टोपण घेऊन आला. टोपण लावले. पुन्हा इंजिन सुरू केले, पुन्हा रबर दाबले. होज थोडे आत ओढले गेले, इंजिन दोनदा धडधडले आणि बंद पडले.

तो खाली उतरला, आणि ज्या होजची क्लिप त्याला मनाजोगती वाटली नव्हती ती आणखी एक आटा आवळू लागला.